कर्णिक आणि पाच याद्या

परळच्या आमच्या ऑफिसात कर्णिकांना सकाळी कुणी 'गुड मॉर्निंग' म्हणत नसे. म्हटलं की ते भडकत. "कसली गुड? अकाउंट्सवाल्यांनी माझा चालता सर्व्हर भंगारात दाखवलाय!"

कर्णिक आयटीत. कंपनीचा कुठला कॉम्प्युटर कुठे आहे, कुणाकडे आहे, हे सांभाळणं त्यांचं काम. वय छप्पन्न, दादरला एकटेच राहतात. मी एचआरमध्ये, पण टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे सगळा आरडाओरडा पहिल्यांदा माझ्या कानात. "तिसऱ्या मजल्यावर चाळीस लॅपटॉप आहेत," असं कुणी सहज म्हटलं तरी ते गर्रकन वळत. "कुठल्या यादीप्रमाणे?"

कारण याद्या पाच होत्या. खरेदीची, अकाउंट्सची, विम्याची, एचआरची आणि गेटवरच्या सिक्युरिटीची. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

एकदा मीटिंगमध्ये त्यांनी डायरेक्टरांसमोर एक लॅपटॉप आदळला. "हा बघा! अकाउंट्समध्ये भंगार, विम्यात ठणठणीत. गेट म्हणतं, इमारतीत आलाच नाही. खरेदीवाले याच्या जागी नवा मागवतायत. आणि एचआर म्हणतं, वैतीकडे आहे. वैती वारला, त्याला वर्ष झालं!"

वैती आमचा तरुण इंजिनियर होता.

"मग करायचं काय?" डायरेक्टरांनी विचारलं.

"याद्या फेकून द्या! माहिती एकाच जागी ठेवा. ज्याला हवी त्याच्या सॉफ्टवेअरने तिथे विचारायचं, उत्तर घ्यायचं. एकदा बदललं की सगळीकडे बदललं. किती दिवस घसा फोडतोय मी!"

"कंपनीचा फायदा?"

"नवीन चुका करायला मोकळे व्हाल!"

मंजुरी मिळाली. पुढे कित्येक महिने कर्णिक प्रत्येक खात्याशी भांडले. माझ्यावरही ओरडले, "मॅडम, गेलेली माणसं तुमच्याकडे हजर कशी हो?" पण व्यवस्था उभी राहिली. दुहेरी खरेदी थांबली, ऑडिट बिनबोभाट पार पडलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस शांत होईल. उलट जास्तच चिडचिडा झाला.

परवा एका कागदावर सही घ्यायला मी शीव कोळीवाड्यात वैतीच्या आईकडे गेले. चहा देताना त्यांनी विचारलं, "कर्णिक साहेब बरे आहेत ना गं?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"माझा पोरगा गेला, तेव्हा लॅपटॉप तेच घेऊन गेले. तरी पत्रं यायची, लॅपटॉप परत करा म्हणून. मी फोन केला की धावत यायचे. माफी मागायचे, पत्र खिशात घालायचे, मग तासभर बसायचे. ऑफिसात पोरगा काय काय गमती करायचा ते सांगायचे. पण किती हळू बोलतात! मला कान पुढे करायला लागतो."

त्या पत्रांवर सही आमच्या खात्याची असायची. मला मान वर करवेना.

"आता पत्रं बंद झाली," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पण साहेबही यायचे बंद झाले. सांग त्यांना, असेच या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी निरोप दिला आणि स्फोटाची वाट बघत उभी राहिले. कर्णिकांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"काही काम नसताना," त्यांनी विचारलं, "कसं जायचं हो कुणाच्या घरी?"