तलावाला लंघन

वामनरावांच्या किराणा दुकानात कणीक मागितली की आधी सवाल यायचा, "माणसासाठी का मासोळ्याइसाठी?" गिऱ्हाईक चाचरलं की कणीक बंद. मग ते ती तालुक्याच्या समुद्रपूरहून आणो, वामनरावांना फिकीर नव्हती.

नव्वदीच्या दशकात मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि वामनरावांचा शेजारी. आमच्या तलावाचं पाणी हिरवंगार, आणि गावाला त्याचा कोण अभिमान! वामनराव मात्र रोज पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायचे.

"पाहा मास्तर, वीतभरातच गायब! याले अपचन झालं. शेतातलं खत खाते, निर्माल्य खाते, वरून लोकाइच्या कणकेच्या गोळ्या. आता याले लंघनच पाहिजे." हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या तोंडात तिसरा आलुबोंडा असायचा.

पहाटे मासोळ्या तोंडं उघडून वर यायच्या. लोकांना वाटायचं, भुकेल्या आहेत. ते गोळ्या टाकायचे आणि काठच्या मातीच्या पाळीवरून वामनराव ओरडायचे, "भूक नाई लागली त्याइले, दम लागला! शेवाळानं रातभर पाण्यातली हवा खाऊन टाकली, अन् तुम्ही जेवाले काऊन वाढून राह्यले?"

असा हा माणूस एका सकाळी गोळ्यांनी भरलेला डबा घेऊन पाळीकडे निघालेला दिसला. चोर सापडला म्हणून मी खुशीत मागे गेलो. तर त्यांनी पाळीवरच्या बकऱ्यांपुढे डबा रिकामा केला. मला पाहताच चेहरा उतरला.

"हिनं मळल्या," ते म्हणाले.

शांताकाकू, त्यांची बायको. गुडघेदुखीमुळे आता घरीच असायच्या. त्याआधी कित्येक वर्षं काकूंनीच रोज मासोळ्यांना खाऊ घातलं होतं. मग एका ढगाळ सकाळी तलावभर मासोळ्या मरून तरंगल्या.

"दोन दिवस जेवली नाई ती. म्हणे, माह्यं घालणं कमी पडलं. मंग मत्स्य खात्याच्या साहेबानं मले खरं कारण सांगतलं. साऱ्या गावाले सांगतलं मी, मास्तर. तिले नाई सांगू शकलो."

त्या लंघनावरून मी वामनरावांची किती टिंगल केली होती! मला माझीच लाज वाटली.

परतलो तेव्हा काकू दारात बसल्या होत्या. रिकामा डबा घेत म्हणाल्या, "मास्तर, तुमीबी गेलते? खाल्लं का त्याइनं?"

पोरांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारणारा मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "एक गोळी उरू दिली नाही, काकू."

"मंग उद्या जास्त मळते," त्या खुलून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबे दोन झाले. त्यातला एक मी उचलला.