अप्पांची काडीपेटी आणि ध्रुवावरचे मासे

नवा कपडा घालून अप्पांसमोरून जायची आमच्या पुंडलिकनगरात कोणाची छाती नाही. चिकलठाण्याच्या एका कापड कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला. कारखाना गेला, तिथं फ्लॅट उभे राहिले, पण अप्पांच्या खिशातली काडीपेटी काही गेली नाही. तुमच्या शर्टाचा धागा कधी ओढतील आणि कधी पेटवतील, पत्ता लागत नाही. राख झाली तर सुती, केस जळाल्याचा वास आला तर लोकर, काळा टणक मणी झाला तर प्लास्टिक. वर, "जळाल्याबिगर धागा खरं बोलत नाय." माझ्या मेहुण्याचा रेशमी कुर्ता त्यांनी लग्नाच्या मांडवातच नापास केला होता.

त्यांची मुलगी वैदेही ध्रुवाकडच्या समुद्रातल्या माशांवर संशोधन करते. म्हणजे आम्ही टँकरची वाट बघतो तेव्हा ही बर्फात. एका उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली ती हवेतच. माणूस फिरकत नाही तिथल्या माशांच्या पोटातही तिला प्लास्टिकचे धागे सापडले होते, हिरवे आणि जांभळे. लेख छापायला पाठवायचा होता. तिनं आम्हाला फोटो दाखवले. जांभळ्या धाग्याचा फोटो अप्पांनी पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

तो रंग माझ्याही ओळखीचा होता. मागच्या दुष्काळात टँकरच्या रांगेत, पालथ्या बादलीवर बसून काकूंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीनं, लेकीसाठी त्याच रंगाचा स्वेटर विणला होता. लोकर लासूर स्टेशनच्या बाजारातली, दुकानदारानं शपथेवर अस्सल म्हणून दिलेली. तेव्हाही अप्पा काडीपेटी घेऊन गेले होते. काकू म्हणाल्या, "माझ्या शब्दाचीबी राख करून बघता का?" अप्पांनी काडी परत ठेवली. पुढं काकू वारल्या. वैदेही तिकडं बर्फात तोच स्वेटर घालून मासे चिरत होती.

दोन दिवस अप्पांनी कोणाचाच धागा ओढला नाही. मला काळजीच वाटली. तिसऱ्या दिवशी काकूंच्या पेटीतला उरलेला जांभळ्या लोकरीचा गुंडा घेऊन ते माझ्याकडे आले. धागा पेटवला. काळा, टणक मणी झाला.

"दुकानदारानं फसवलं की हो तिला," एवढंच म्हणाले आणि लेकीला सांगायला घरी गेले.

वैदेही आधी भांडली, मग गुंडा घेऊन प्रयोगशाळेत गेली. धागा तोच निघाला; माशांत सापडलेले जांभळे धागे तिच्याच स्वेटरचे गळलेले होते. तिनं जांभळे सगळे वगळले, पण हिरवे टिकले. ते मासेमारीच्या जाळ्यांचे होते. लेख तपासणाऱ्यांनी जंग जंग पछाडलं, तरी खोड काढता आली नाही. पुढच्या वर्षी लेख दिमाखात छापून आला आणि आभारात अप्पांचं नाव. अप्पांनी टँकरच्या रांगेत पेढे वाटले. "पोरीचा मासा पास झाला," असं ज्याला त्याला सांगत होते, आणि आमच्या सगळ्या गल्लीची कॉलर ताठ झाली होती.

स्वेटर मात्र वैदेहीनं घरीच ठेवला. परवा भर मे महिन्यात अप्पा तो खांद्यावर टाकून ओट्यावर बसले होते. मी गमतीनं त्याचा एक धागा चिमटीत धरला आणि त्यांच्याच काडीपेटीकडे हात नेला. अप्पांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हा लोकरीचाच हाय."