लांबत गेलेला बांगडा

सत्यजीतने आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. सुक्या मासळीच्या वेबसाइटसाठी चौकट काढताना त्यामुळे काही बिघडेल, असं त्याला वाटलंही नव्हतं.

पनवेलच्या बाजारात नझीरभाईंचं दुकान होतं. त्यांच्या अब्बांनी लावलेल्या पाटीवर ‘दाखवू तेच देऊ’ असं लिहिलेलं होतं आणि वरच्या कडेला मधोमध एक बांगडा रंगवलेला होता. वेबसाइटलाही अशीच चौकट हवी, असा नझीरभाईंचा आग्रह. मोबाइल गेमच्या कंपनीतली नोकरी सोडल्यावर सत्यजीतला मिळालेलं हे पहिलंच काम. ते जमलं तर बाजारातले इतर दुकानदार येणार होते. फसलं तर पुन्हा नोकरी शोधायची होती.

चौकटी करण्यात त्याचा हात बसलेला होता. चित्र फुली-गोळ्याच्या खेळासारखं नऊ तुकड्यांत कापायचं. चार कोपरे कुठल्याही पडद्यावर जसेच्या तसे राहतात; मधल्या कडा पडद्याप्रमाणे ताणल्या किंवा आवळल्या जातात. म्हणून कडेच्या मध्यावर नक्षी ठेवायची नसते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नझीरभाईंना नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. मासा जरा लांब-आखूड झाला तर कळणार कोणाला, अशी त्याने मनाची समजूत घातली. पनवेलमध्ये राहून असा विचार करणारा तो एकटाच असावा.

वेबसाइट सुरू झाली त्याच दिवशी उरणहून अमिरुन्निसा खालाचा फोन आला.

“नझीर, सुका पापलेट कधीपासून ठेवायला लागलास?”

“पापलेट कुठला, खाला? बांगडा आहे तो.”

“मला मासे शिकवतोस? मोबाइलवर समोर दिसतोय. गोल गरगरीत. चार पाठव.”

नझीरभाईंनी गल्ल्याशेजारचा कॉम्प्युटर लावला. जवळा घ्यायला कोन गावाहून आलेल्या हौसाबाईंनी मान लांब करून पाहिलं.

“ही त सुरमय हाय. मंगाशी मी इचारली तवा नाय म्हनालास. कुनासाठी लपवून ठेवलीस?”

तेवढ्यात कुवेतहून नझीरभाईंचा धाकटा भाऊ यासीन फोनवर आला. त्याने वेबसाइट मोठ्या टीव्हीवर लावली होती.

“भाईजान, वाकटी मस्त आहे, पट्ट्यासारखी लांबलचक. रूमवरचे सगळे मागतायत.”

“केवढी दिसते तुला?”

“सोफ्याएवढी.”

नझीरभाईंनी सत्यजीतला बोलावून घेतलं. “बेटा, मासा एकच. उरणला पापलेट, दुकानात सुरमई, कुवेतला वाकटी. अब्बांपासून आजवर या दुकानाला कोणी खोटं म्हटलं नाही. आता काय सांगू लोकांना?”

“पडदा रुंद असला की मासा ताणला जातो, काका.”

“रबर ताणलं जातं. मासा कसा ताणला जाईल?”

हौसाबाईंनी सत्यजीतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पोरा, मासली खातस काय?”

“नाही.”

“मंग बराबर.”

सत्यजीत तिथेच गोणीवर बसला आणि लॅपटॉप उघडला. बांगडा मधून उचलून त्याने चारही कोपऱ्यांत ठेवला. वरच्या कडेला दोरी बांधून तिच्यावर बोंबील वाळत घातले. बोंबील ताणायचे नाहीत, जागा असेल तितके एकापुढे एक मांडायचे, अशी सोयही केली. मग हौसाबाईंसमोर आधी मोबाइल धरला, नंतर लॅपटॉप.

“बांगडा,” त्या म्हणाल्या. “हा बी बांगडाच. आता कसा मासा मासावानी दिसतो.”

अब्बांची अब्रू राहिली. नझीरभाईंनी सत्यजीतला कोकम सरबत पाजलं आणि शेजारच्या मसालेवाल्याला त्याचं नाव सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सत्यजीत दुकानापाशी पोहोचला, तर आत शिरायला वाट नव्हती. सगळ्यांना बोंबीलच हवे होते. नझीरभाई घामाघूम होऊन पुड्या बांधत होते आणि खांद्यावर मान तिरकी करून फोन कानाशी धरून होते.

“हो खाला, तुमचे बाजूला काढतो... नाही, संपले नाहीत... कोणी सांगितलं तीनच उरलेत?”

सत्यजीतने हळूच स्वतःचा मोबाइल पाहिला. छोट्याशा पडद्यावर दोरीला जेमतेम तीन बोंबील लटकत होते. त्याचा चेहरा उतरला.

“काका, माझीच चूक. मोबाइलवर जागा कमी, म्हणून तीनच दिसतात. आत्ता बदलतो.”

नझीरभाईंनी गर्दीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग त्याच्या मोबाइलकडे.

“हे तीन बोंबील खरे आहेत ना?”

“हो.”

“दुकानात आहेत ना?”

“आहेत.”

“मग यात खोटं काय? राहू दे.”

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. कुवेतहून यासीन होता. बराच वेळ ऐकून घेतल्यावर नझीरभाईंनी फोनवर हात ठेवला आणि सत्यजीतला जवळ बोलावलं.

“याच्या टीव्हीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बोंबील दिसतायत. म्हणतो, एवढा माल पडून आहे तर भाव कमी कर.” मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, “बेटा, त्याचा टीव्ही इथून लहान करता येतो का?”