अर्जी हातानं द्यायची असते

"पोस्टानं धाडाया ही काय राखी हाय व्हय?" असं म्हणून गुरुपाद आप्पांनी रोहिणीच्या हातातला लिफाफा काढून घेतला, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

तोवर बिघडण्यासारखं काही नव्हतं. व्हिसाचा अर्ज भरून झाला होता, लग्नाचा दाखला जोडून झाला होता, फोटो चिकटवून झाले होते. जावई संगमेश इंजिनियर. लग्नानंतर चारच महिन्यांत जर्मनीतल्या एका कंपनीनं त्याला बोलावून घेतलं होतं. आता बायकोला कायमचं तिकडं राहायला न्यायचं, तर तिचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वकिलातीतून मिळायचा होता. अर्ज टपालानं पाठवा किंवा समक्ष आणून द्या, दोन्ही चालेल, असं माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं.

"आप्पा, त्यांनी पन रजिस्टर पोस्टानंच पाठवा म्हनून सांगितलंय," रोहिणी म्हणाली.

"जावायाला काय कळतंय? तुझ्या लग्नाची पत्रिका म्या कुना जवळच्या मान्साला पोस्टानं धाडली का? कुंकू लावून, अक्षता दिऊन, हातात दिली. म्हनून मांडव भरला. आन् हितं तर आपन मागाया चाललो. एवढा मोठा देश, त्येच्या अंगावर कागद फेकायचा? मानानं मागितलं की कुनी न्हाई म्हनत न्हाई."

"आवं, पन ते सरकार हाय, पावना न्हाई," रोहिणीची आई दानम्मा चुलीपासून म्हणाल्या.

"सरकारात बी मान्संच बसत्यात," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी लिफाफ्याच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं.

आप्पांचं सिरसाळ्याच्या स्टँडसमोर किराणा दुकान होतं, आणि त्या दुकानातल्या कुठल्याही मालापेक्षा त्यांना आपल्या लेकीचा अभिमान जास्त होता. सिरसाळ्यातून मुली आजवर तालुक्याबाहेर दिल्या गेल्या होत्या, जिल्ह्याबाहेर दिल्या गेल्या होत्या. देशाबाहेर निघालेली रोहिणी पहिलीच. हे आप्पा गिऱ्हाइकाला सांगत आणि त्या भरात साखर थोडी जास्तच घालत.

अशाच एका सकाळी ते आपल्या जुन्या मित्राला, मेंढरं राखणाऱ्या सटवाला म्हणाले, "गुरुवारी निघालो बाबा रोहिणीला घिऊन. परळीपातूर जीप सांगितलीय, तितून मुंबई. व्हिसाचं काम हाय."

सटवानं यावर आपल्या परीनं विचार केला. कागद तर पोस्टानं जातो. त्याच्या पुतण्याचा नोकरीचा अर्ज पोस्टानं गेला होता, खुद्द सरपंचांची बोअरची मागणी पोस्टानं गेली होती. नुसता कागद द्यायला कोणी लेकीला नवी साडी नेसवून, जीप करून मुंबईला नेत नाही. माणूस स्वतः निघालं म्हणजे ते निघालंच. ही बातमी त्यानं हरिओमला दिली. हरिओमनं त्याच वर्षी गावात एसटीडी बूथ टाकला होता, शिवाय तो बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर होता आणि बातमीसाठी आठवडाभर हवालदिल झाला होता. गुरुवारी संध्याकाळी जीप स्टँडवर आली, तेव्हा निम्मं सिरसाळं हार घेऊन तिथं उभं होतं.

हलगी कडाडत होती. शाळेचा माइक आणला होता. सटवाची बायको साखराबाई हिनं रोहिणीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लेकरा, तिकडं लई थंडी असती म्हनं," असं म्हणून तिनं एक कोरी घोंगडी रोहिणीच्या काखेत कोंबली.

"आवं, सांगा की त्यास्नी," दानम्मा आप्पांच्या कानाशी कुजबुजल्या. "नुसती अर्जी द्यायला चाललाव म्हनून."

"सांगतो. ही हलगी तर थांबू दे."

हलगी थांबली आणि सरपंच बोलायला उभे राहिले. "आपल्या मातीत खेळलेलं लेकरू आज साता समुद्रापल्याड पाय ठेवायला निघालंय..." हे वाक्य आप्पांना इतकं आवडलं, की ते मध्येच तोडणं त्यांच्या जिवावर आलं. भाषण संपेपर्यंत कोणीतरी त्यांना फेटा बांधून टाकला. आता फेटा बांधलेल्या माणसानं 'आम्ही परवा-तेरवा परत येतोय' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय, इतक्या मानानं अर्ज दिल्यावर वकिलात कदाचित हातावर व्हिसा ठेवीलही, अशी एक आशा होतीच. आप्पांचा ऊर भरून आला, डोळे भरून आले, आणि तोंडातून "लई उपकार झाले" एवढंच बाहेर पडलं. हरिओमनं फोटो काढला आणि जीप हलली.

मुंबईत खिडकीपलीकडच्या बाईंनी आधी लिफाफ्यावरच्या कुंकवाकडे आणि मग आप्पांकडे पाहिलं.

"हे काय लागलंय?"

"लागलं न्हाई, बाईसाहेब. लावलंय. मान हाय तुमचा."

बाई भल्या होत्या. त्यांनी हसू दाबून कागद तपासले, रोहिणीचा चेहरा फोटोशी ताडून पाहिला आणि पावती दिली. "झालं. आता चौकशी होईल. दोन-तीन महिने लागतील. एवढ्या लांब कशाला आलात? पोस्टानं पाठवला असतात तरी चाललं असतं."

"मंग आज न्हाई भेटायचा?"

"नाही हो. घरी जाऊन निवांत वाट बघा."

सबंध जगात तेवढी एकच जागा अशी होती, जिथं त्यांना आता जाता येत नव्हतं.

परतीची एसटी बीड, तेलगाव करत निघाली. सिरसाळ्याच्या अलीकडे दिंद्रुड लागतं. तिथं दानम्मांचे भाऊ सिद्धाराम यांचं आडत दुकान होतं. आप्पा लेकीला घेऊन दिंद्रुडातच उतरले. मेव्हण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"खुशाल ठिऊन जा, दाजी. कुनी इचारलं तर आमची लेक मोहिनी म्हनून सांगू. ती लातूरला शिकायला हाय, हितं तिला धड कुनी बघितलंच न्हाई."

"आप्पा," रोहिणी हळूच म्हणाली, "घर तर ह्ये अर्ध्या तासावर हाय."

"थोड्या दिसाचा तर सवाल हाय, माय. माझं नाक तुझ्या हातात हाय आता."

रोहिणीनं मान खाली घातली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

आप्पा एकटेच सिरसाळ्यात उतरले. "बसली का इमानात?" सटवानं विचारलं. आप्पांनी मान डोलावली. पुढचं सगळं त्या एका मानेमुळे आपोआप होत गेलं. लेक पोचली म्हणावं लागलं. पोचली तर फोन आला पाहिजे, म्हणून ते दर रविवारी हरिओमच्या बूथवर जाऊन दिंद्रुडच्या आडत दुकानात फोन लावू लागले आणि "तिकडं बर्फ पडायला का गं?" असं मोठ्यानं विचारू लागले. हरिओम शहाणा. फोन जुळला की तो चहा प्यायला बाहेर जायचा. दैनिकात फोटोसकट छापून आलेली 'सिरसाळ्याची कन्या जर्मनीस रवाना' ही बातमी दुकानात देवाशेजारी फ्रेम करून लागली. दानम्मांनी त्या फ्रेमकडे कधी वर मान करून पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी खांद्याला पिशवी अडकवलेले एक साहेब स्टँडवर उतरले. आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही; नुसतं "गुरुपाद आप्पांची मुलगी रोहिणी इथंच राहते ना?" असं हॉटेलात विचारलं. गावानं एकदम कान टवकारले.

"कावून? काय काम हाय?" सटवा म्हणाला.

"सहज. भेटायचं होतं."

"मंग जर्मनीला जावं लागंल."

हरिओमनं बातमीचं कात्रण दाखवलं. साखराबाईनं घोंगडीची हकीकत सांगितली. साहेबांनी वेगवेगळ्या माणसांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी छातीठोकपणे एकच सांगितलं. दुपारी ते आप्पांच्या दुकानात शिरले, तेव्हा मागून आलेलं गाव पायरीखाली थांबलं होतं.

"मी वकिलातीतर्फे औरंगाबादहून चौकशीला आलोय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या मुलीचा अर्ज आहे. पण अख्खं गाव म्हणतंय की ती कधीच जर्मनीला गेली. मग खिडकीवर उभी होती ती कोण? तिच्या नावावर दुसऱ्याच कोणाला तिकडं पाठवताय की काय? मला हे असंच लिहावं लागेल. व्हिसा तर मिळणार नाहीच, पुन्हा कधी मागताही येणार नाही."

आप्पांची पाचावर धारण बसली. पायरीखाली गाव उभं होतं, भिंतीवर फ्रेम लटकत होती, आणि दाराआड दानम्मा पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे पाहत होत्या. आप्पा गल्ल्यावरून उठले. फ्रेम खिळ्यावरून काढून त्यांनी पोत्यावर पालथी घातली आणि ते पायरीवर आले.

"आयका रं समदे. रोहिणी जर्मनीला गेलीच न्हाई. दिंद्रुडात मामाकडं हाय. म्या खोटं बोललो."

सटवा पुढं झाला.

"साहेब, आप्पाचं काई मनावर घिऊ नगा. उन्हानं असं बोलायलेत. पोरगी जर्मनीतच हाय."

"सटवा, आरं म्या बाप हाय तिचा!"

"असाल. पन हाय जर्मनीतच," सटवा आप्पांना डोळा मारत म्हणाला.

"म्या सोता दृष्ट काढली की जाताना!" साखराबाईनं दुजोरा दिला.

साहेबांनी वही काढली आणि टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. "एकटे तुम्ही दिंद्रुड म्हणताय आणि सगळं गाव जर्मनी म्हणतंय. मी कोणाचं धरू?"

"आरं बाबांनो," आप्पा रडकुंडीला येऊन ओरडले, "हे व्हिसावाले साहेब हायेत! पोरीचं वाटोळं व्हायलंय! खरं सांगा!"

"मंग हे आधी कावून न्हाई सांगितलं?" सटवा उसळला. "दिंद्रुडात हाय, साहेब! म्या परवाच मेंढरं घिऊन गेलतो तिकडं. माळवदावर पापड वाळू घालीत व्हती."

"माझ्या मीटरवर दर ऐतवारी दिंद्रुडचाच नंबर उठतोय," हरिओम म्हणाला.

"बाजारात एकाच कासाराकडं बांगड्या भरल्या आमी," साखराबाई म्हणाली. "तिनं मला वळख दिली न्हाई, म्या बी तिला दिली न्हाई."

आप्पा पायरीवर मटकन खाली बसले. "म्हंजी तुमाला समद्यांला मालूम व्हतं?"

"पैल्या आठवड्यापासून."

"मंग बोलला न्हाईस कावून बे?"

"तुमी फेटा बांधून गेलता, आप्पा," सटवा म्हणाला. "लेकरू तुमचं असंल. इज्जत गावाची हाय."

साहेबांनी वही मिटली. "मघाशी सगळे जर्मनी म्हणत होतात, आता यांनी सांगितल्यावर सगळे दिंद्रुड म्हणताय. तुमच्या गावावर माझा विश्वास नाही. मी त्या मुलीला समक्ष बघणार."

जीप आली. पुढं साहेब बसले, मागं आप्पा आणि दानम्मा, आणि साक्षीदार म्हणून सटवा, साखराबाई, हरिओम आणि उरलेल्या जागेत मावले तेवढे लोक. दिंद्रुडला सिद्धाराम यांच्या दारात रोहिणी सुपात गहू पाखडत होती. साहेब सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"तुम्हीच का रोहिणी संगमेश?"

रोहिणीनं साहेबांकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. जीपमधून अर्धं सिरसाळं उतरत होतं आणि त्या घोळक्यात तिचे आप्पा उभे होते, खाली मान घालून. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"न्हाई," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "मी मोहिनी. रोहिणीताई माझी आतेबहीन. ती जर्मनीला असती."

सटवानं कपाळावर हात मारून घेतला.

"केव्हा गेली?" साहेबांनी विचारलं.

"लई दिस झाले. गावानं वाजत-गाजत लावून दिलं तिला. आप्पांनी सोता इमानात बसवून दिली." हे म्हणताना तिनं नजर खाली केली नाही.

साहेब सावकाश आप्पांकडे वळले. आप्पांना आधी एवढंच कळलं की व्हिसा गेला. आणि मग त्यांना कळलं की पोरीलाही ते कळत असणार. इतके कागद जिनं स्वतः भरले, तिला दारात आलेला हा पिशवीवाला माणूस कोण हे काय कळणार नाही? तरी ती बोलली होती. आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सरपंचांच्या भाषणानंही त्यांचा ऊर इतका भरून आला नव्हता.

"हीच, साहेब," ते म्हणाले. "हीच माझी रोहिणी. बापाचं नाक राहावं म्हनून जर्मनीवर पानी सोडायली. अशी दुसरी पोरगी तुमाला बीड जिल्ह्यात कुठं घावायची न्हाई."

साहेबांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं. "तुम्ही खोटं बोललात, गाव खोटं बोललं, आता ही पण बोलली, आणि तेही असं न अडखळता," ते म्हणाले. "एकाच घरचे आहात, हे मला पटलं. पासपोर्ट आणा, मोहिनीबाई."

रोहिणीनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान डोलावली, तशी ती आत जाऊन पासपोर्ट घेऊन आली. साहेबांनी फोटो पाहिला, लग्नाबद्दल दोन प्रश्न विचारले, सिद्धाराममामांचा चहा घेतला आणि सांगितलं की माझ्या बाजूनं आता काही अडचण नाही, मुलीनं सामान बांधायला घ्यावं.

सगळे आनंदानं एकदम बोलायला लागले. रोहिणी मात्र गर्दीतून वाट काढत आप्पांपाशी आली.

"आप्पा, मंग आता मी घरी येऊ का?"

दानम्मांनी तोवर तिचा हात धरून तिला जीपमध्ये स्वतःशेजारी बसवलं सुद्धा होतं. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुढं जाऊन ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि छाती काढून सांगितलं, "सिरसाळ्यात भर बाजारातनं घे. आन् सावकाश चालव, समद्यांला दिसू दे."