बाहेर कोण बसलंय?

आगाशे डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल. हा एवढा मोठा माणूस वॉर्डाच्या फरशीवर झोपायचा. राउंड चालू असताना मध्येच आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मी भुलीत आहे. जीभ मागे पडलीय. आता काय कराल?"

मग शिकाऊ डॉक्टर असो, नर्सिंगची मुलगी असो की सातवीतून शाळा सोडलेला माझ्यासारखा वॉर्डबॉय, जवळ असेल त्याने त्यांची हनुवटी उचलायची, कुशीवर वळवायचं, कफ ओढायचं यंत्र आणायचं. चुकलं की मयत डोळे उघडून म्हणे, "मेल्या, मारलंस मला. आता वेळणेश्वरला माझ्या घरी जाऊन तूच सांग."

रत्नागिरीतल्या आमच्या इस्पितळात ते भूल देतात. पूर्वी इथे दर वॉर्डाची तऱ्हा वेगळी. श्वासाच्या नळ्या कपाटात, किल्ली सिस्टरच्या कमरेला आणि सिस्टर जेवायला. डॉक्टरांनी सगळीकडे सारखा ट्रे केला. दाराच्या उजव्या हाताला, हिरव्या फडक्याखाली, वस्तू त्याच क्रमाने, कुलूप नाही. येता-जाता डोळे मिटून ट्रेमध्ये हात घालायचे. हवी ती नळी हाताला लागली नाही, तर त्या वॉर्डाची धडगत नसे.

मेट्रनबाई म्हणाल्या, "अहो, कुलूप नाही. वस्तू चोरीला गेल्या तर?"

"तर पोलीस येतील. श्वास गेला तर कोण येणार, ते सांगा."

मी उस्मानाबादकडचा. इथली दमट हवा, माशांचा वास, हेल काढून बोलणं, सगळ्याचीच मला धास्ती. डॉक्टर मला 'घाटी' म्हणतात. नोकरी जाईल या भीतीने मी पोटदुखी लपवली आणि शेवटी अपेंडिक्स निघालं. टेबलावर डॉक्टरांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. भूल देण्याआधी प्रत्येकालाच विचारतात.

"बाहेर कोण बसलंय?"

"कोणी नाही. गावाकडे कळवलं नाही."

"बरं. मग मी बसतो."

शुद्ध येत होती तेव्हा माझ्या हनुवटीखाली त्यांची बोटं होती. नर्सिंगची मुलगी म्हणत होती, "सर, मी धरते. तुमचा चहा निवला."

"निवू दे गो. याचं इथे कोणी नाही."

यंदा त्यांचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, आमच्यावर ओरडून. मुंबईत दाखवलं तर घशात गाठ निघाली. ऑपरेशन करून गळ्याला भोक पाडायचं, श्वास तिथूनच घ्यायचा. मेट्रनबाई वेळणेश्वरला ट्रंककॉल लावायला निघाल्या, तेव्हा समजलं की डॉक्टरांची आई गेल्यापासून तिथलं घर बंदच आहे.

काल ते पुरुषांच्या वॉर्डात आले आणि फरशीवर आडवे झाले. आवाज उठेना, नुसतं घशाकडे बोट केलं. कोणी हसलं नाही. मी हनुवटी उचलली. एका मुलीने न बघता ट्रेमधून नळी काढली. यंत्र आलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

"सर, झालं. वाचलात. उठा आता."

ते उठले नाहीत. डोळे मिटूनच पुटपुटले, "घाटी, हात काढू नको. जरा राहू दे."

त्यांच्या दाढीचे खुंट बोटांना टोचत होते. पोरं यंत्र घेऊन गेली, वॉर्डात जेवणाची गाडी आली, तरी मी तसाच बसून होतो.

आज सकाळच्या एस्टीने ते गेले. मी रजेचा अर्ज दिलाय. मिळेल की नाही, या काळजीने जेवण जात नाही. मुंबई मी पाहिलेली नाही. हनुवटी धरायला तिथे मला कोण आत सोडणार? पण दाराबाहेर बाक असेलच. टेबलावर त्यांना कोणी विचारलं, तर त्यांना माझं नाव सांगता येईल.