द्वारकाबाईंस एकांतात गाठल्याची हकीकत

श्रीगणेशास, वाग्देवीस आणि या क्षणी नाव न आठवणाऱ्या समस्त दैवतांस दंडवत. पुढे हकीकत ऐसी जे, विलायतेच्या विद्वानांचा ठराव जाहला की म्हातारपणीच्या विसरण्याच्या आजाराचा, ज्यास डिमेन्शिया म्हणतात, त्याचा शोध गरीब मुलुखी तेथल्याच माणसांनी शिकून करावा. आणि छत्रपती संभाजीनगरी एक लहानसे केंद्र उभे राहिले आणि त्याची सरदारी डॉक्टर तनुजा यांजकडे आली, दिमतीस सिल्लोडकर नोमान. मग गावोगाव आठवणीची परीक्षा घेता सगळेच म्हातारे अव्वल पास होऊ लागले. विलायतेहून खलिता आला की तुमचे मुलुखी कोणी विसरतच नसेल, तर केंद्र कशास पाहिजे? बाईसाहेब बहुत कष्टी जाहल्या.

आता यात त्यांचा काय कसूर? आमची रीतच ऐसी की पाहुण्याने वडीलधाऱ्यांस काही पुसावे आणि उत्तर घरच्यांनी द्यावे. वडील अडले तर घराची अब्रू गेली. अहो, चहात साखर किती हेदेखील म्हातारीस कोण विचारतो!

ऐशा स्थितीत फौज फुलंब्रीनजीक कडूबा यांचे घरी उतरली. त्यांची माय द्वारकाबाई देवळातून येता आपलीच गल्ली चुकली होती आणि दूध गॅसवर ठेवून विसरली होती. सून मुक्ताबाई यांचा सासूवर भारी जीव; त्यांनी वय झाले म्हणून विषय मिटविला होता. परंतु आजार असेल तर औषधपाणी लवकर व्हावे, याची तनुजाबाईंस तळमळ.

पहिल्या हल्ल्यात वार कोणता ऐसे पुसताच मुक्ताबाईंनी मंगळवार म्हणून तोफ डागिली. मग घागर, पेरू, विळा हे शब्द ध्यानी ठेवण्यास सांगितले, तो शेजारीण भामाबाईंनी भिंतीपल्याडून तिन्ही परत केले. सर्वांस बाहेर जाण्याचे फर्मान सुटले; तर कडूबा खिडकीशी उभे राहून हाताने गवत कापून दाखवू लागले. फौजेने माघार घेऊन चहा घेतला.

मग नोमान यांनी गनिमी कावा रचिला. ओट्यावर जाऊन पुकारा केला की या गल्लीत पक्की याद कोणाची, ते आज कळेल. झाले! अवघी गल्ली लोटली आणि नवे शब्द देताच रण माजले. कडूबा म्हणाले, सीताफळ व्हतं. भामाबाई म्हणाल्या, नाय, जांभूळ. आणि निवाड्यास मुक्ताबाईंस हाक गेली. गड मोकळा जाहला.

तनुजाबाई द्वारकाबाईंस घेऊन परसात लिंबाखाली बसल्या आणि वार पुसला. म्हातारीने दाराकडे पाहिले. तेथे कोणी नव्हते.

“माय, मला नाय आठवत,” द्वारकाबाई बोलल्या. “लई दिसांपासून नाय. सून सांगती, मी मान हलवती. म्या तिला कसं सांगू? हाय खाईल ती. आता तूच सांग तिला.”

एव्हाना मुक्ताबाई दारात येऊन उभ्या होत्या. उत्तर जिभेवर होते. डोळ्यांस पदर लाविला, परंतु बोलल्या नाहीत. आम्ही पुष्कळ शूर पाहिले, पण ऐसा पराक्रम पाहिला नाही.

येणेप्रमाणे मराठवाड्यातील पहिले खरे “नाय आठवत” हस्तगत जाहले. ते विलायतेस रवाना केले आणि केंद्र कायम राहिले. द्वारकाबाईंस औषध सुरू जाहले, आणि देवळात जाता आता मुक्ताबाई सोबत असतात. गावोगावच्या सुनांस परीक्षेसमयी गप्प बसविण्याची कामगिरीही, शिकवून तयार करून, मुक्ताबाईंसच सोपविली आहे; त्या आपलीच हकीकत सांगतात आणि सुना ऐकतात. फत्ते जाहली तो वार मंगळवार. द्वारकाबाईंस तो ध्यानी नसला तरी चिंता नाही. आम्ही लिहून ठेविला आहे.