आदगोंडा आप्पांच्या टीव्हीतल्या मुंग्या

आमच्या शेजारचे आदगोंडा आप्पा कुणाच्या मयताला भेटायला गेले, तरी आधी त्या घरचा टीव्ही बघायचे. निपाणीतल्या एका घरी माणसं खाली मान घालून बसलेली, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही चालू. आप्पांनी हळूच रिमोट उचलला आणि शार्पनेस कमी केला. मग थोरल्या मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, "लई वाईट झालं." ते कशाबद्दल म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही.

तंबाखूचा व्यापार बंद केल्यापासून त्यांना हाच उद्योग होता. चित्रात बारीक ठिपके वळवळले की त्या 'मुंग्या'. पावसात सिग्नल तुटून चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले, की 'फरशी बसली'. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गालावर फरशी बसली, की आप्पा छत्री घेऊन गच्चीवर जायचे आणि डिश हलवायचे. फरशी किती उरली, ते मी खालून ओरडून सांगायचो. कंपनीला ते फोन करायचे, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. पलीकडची मुलगी दोन्ही भाषांत बॉक्स बंद करून चालू करायला सांगायची.

त्यांची बायको पद्माक्का होती, तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. मग ती गेली. मूलबाळ नव्हतं. आप्पा फरशीवरून भांडायचेही कमी झाले, आणि तेच आम्हाला जास्त लागायचं.

एक दिवस ते पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या पूजेचं, गावच्या केबलवर दाखवलेलं चित्रण होतं. कलश घेतलेल्या बायकांच्या रांगेत पद्माक्का चालत येते आणि लगेच पुढं निघून जाते. उजेड कमी, त्यात मुंग्या, त्यावर फरशी. बेळगावात माझ्या ओळखीचा एक जण जुनी चित्रणं साफ करून द्यायचा. आम्ही त्याच्याकडे गेलो.

त्यानं मन लावून काम केलं. ठिपके गेले, चौकोनांच्या कडा विरल्या. पद्माक्का स्वच्छ, उजळ दिसायला लागली. मला भरून आलं. आप्पा खुर्चीत पुढं सरकून बघत राहिले. चांगलं झालंय म्हणाले, त्याला हात जोडले आणि बाहेर पडले.

परतताना संकेश्वर मागं पडेपर्यंत ते बसमध्ये पेन ड्राइव्ह हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "पोरानं तिचं वणच पुसलं रं."

पद्माक्काला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर वण होते. कॉम्प्युटरला तेही ठिपकेच वाटले असणार. आप्पांच्या घरी भिंतीवरच्या तिच्या फोटोतसुद्धा फोटोग्राफरनं ते काढून टाकले होते.

"चिकोडीला बघायला गेलतो," आप्पा खिडकीबाहेर बघत सांगायला लागले. "तिच्या आईनं पावडर थापलीती. हिनं चहा दिला, आन् समद्यांसमोर पदरानं गाल पुसलं. म्हणाली, आत्ताच नीट बघून घ्या, मागनं बोलू नगा."

तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"काय म्हणणार? मान खाली घातली. मला ते लई आवडलतं, पर तिला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जेवणाचा डबा द्यायला गेलो. आप्पांनी साफ न केलेलं चित्रण लावलं होतं आणि स्टूल ओढून ते पडद्याला अगदी चिकटून बसले होते. दारातून मला फक्त करडं काहीतरी हलताना दिसत होतं. मी डबा ठेवून निघालो, तशी त्यांनी मागं न बघताच शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस जरा," ते म्हणाले. "आत्ता येती ती."